तालमीचं रक्त

तात्यांनी टेम्पो थेट हॉस्पिटलच्या पायऱ्यांना आणून लावला आणि मागचं फळकं धाडकन पाडलं. आतून पैलवान उतरायला लागले. एक उतरला, टेम्पो जरासा वर आला. दुसरा उतरला, आणखी जरासा वर आला. सगळे उतरले तेव्हा टेम्पोनं बहुतेक सुस्काराच टाकला असेल, आणि दारातल्या वॉचमननं खुर्ची सोडून भिंतीला पाठ लावली.

"कुणाला मारायचं हाय?" त्यानं विचारलं. शपथ सांगते, अस्संच विचारलं.

"मारायचं न्हाई, वाचवायचं हाय," तात्या म्हणाले. "रक्त द्यायला आलोय. सर बाजूला."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. माझ्या हातात झाकणाची एक इवलीशी स्टीलची वाटी होती आणि वाटीत आईचं दूध. मे महिन्याची सुट्टी होती. आमच्या वर्गातल्या मुली पोहायला शिकत होत्या, आणि मी कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर दूध पोचवत होते. वर बायकांच्या वॉर्डात आई होती. तिचे टाके पिकले होते, म्हणून तिला उठू देत नव्हते. खाली काचेच्या खोलीत माझा भाऊ होता. तो दिवस भरायच्या कितीतरी आधीच जन्माला आला होता. वजन किलोभरसुद्धा नाही. नाकातोंडात नळ्या, अंगावर चिकटपट्ट्या, आणि श्वास घ्यायला मशीन. नाव अजून ठेवलं नव्हतं. पायाला पट्टी बांधली होती, तिच्यावर लिहिलेलं, 'उज्वला इंगवले यांचं बाळ'.

"बापाचं नाव कुठाय?" तात्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"इथं सगळी बाळं आईच्याच नावानं असतात," सिस्टर म्हणाल्या होत्या. तात्यांना ते मुळीच पटलं नव्हतं.

तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गावातल्या तालमीचे वस्ताद. लग्न केलं नाही, सगळा जन्म लाल मातीत घातला. तालमीतली पोरं म्हणजे त्यांची पोरं, आणि त्या पोरांचं जेवण म्हणजे आमच्या घरचं जेवण. बाबा दूध संस्थेत नोकरीला होते, पण घरात तात्यांनी बसा म्हटलं की बसायचे आणि उठा म्हटलं की उठायचे. घरात पोरगा जन्मला म्हटल्यावर तात्यांनी पहिल्याच दिवशी तालमीत पेढे वाटले. बाळ काचेआड आहे, हे पेढे खाणाऱ्यांना नंतर कळलं.

त्या सकाळी डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, की बाळाच्या अंगातलं रक्त फार कमी झालंय, आजच चढवावं लागेल. बाबांनी तात्यांना फोन केला. तात्यांनी टेम्पो भरला.

डॉक्टर बाहेर आल्या. डॉक्टर शबाना मुजावर. उंचीला जेमतेम माझ्याएवढ्या. समोर पैलवानांची भिंत बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हे सगळे कोण?"

"रक्त," तात्या म्हणाले. "ताजं हाय. दूध, बदाम, तूप, खारीक, सगळं पोटात गेलेलं. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. किती बाटल्या पायजेत ते सांगा."

"पंधरा मिली."

"पंधरा बाटल्या? घ्या की."

"बाटल्या नाही हो, काका. मिली. खोकल्याच्या औषधाचं टोपण असतं ना, तेवढं."

मागून अल्ताफचा आवाज आला. तालमीत सगळ्यांत दांडगा तोच. "म्याडम, एवढं तर माझं दाढी करताना जातंय."

मला फिस्सकन हसू आलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसू मी गिळलं. तेव्हा मी अशीच होते. हसू गिळायचे, प्रश्न गिळायचे, रागही गिळायचे. माझं पोट त्याच गोष्टींनी भरलेलं असायचं.

"एवढुसंच पायजे, तर मग माझं एकट्याचंच घ्या," तात्यांनी बाही वर केली. "न्हाईतर ह्याच्या बापाचं घ्या. घरचं रक्त घरात राहील."

"तेच घेता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जवळच्या नात्यातलं रक्त अशा बाळाला द्यायचं नसतं. त्या पेशी इतक्या ओळखीच्या वाटतात, की बाळाचं शरीर त्यांना बाहेरचं म्हणून ओळखतच नाही. मग त्या आत ठाण मांडून बसतात आणि बाळावरच उलटतात. त्यावर एक किरणांची प्रक्रिया असते, पण ती सोय आपल्याकडे नाही."

तात्यांनी बाबांकडे बघितलं. "ही तर भाऊबंदकीच झाली की!"

"अगदी तेच," डॉक्टर हसल्या.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःची बाही कधी वर केली होती ते मला दिसलंही नव्हतं. ती त्यांनी हळूच खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. पोराला द्यायला त्यांच्याकडे होतं तेवढं एकच, आणि तेही चालत नव्हतं.

"बरं. पोरं काय माझ्या नात्यातली न्हाईत," तात्या म्हणाले. "त्यांचं घ्या."

"त्यांनी द्यावं, मला आनंदच आहे. पण ते तपासून हातात यायला उद्या उजाडेल. रक्तपेढीत बाळासाठी तपासलेली छोटी पिशवी आत्ता तयार आहे. ती आज बाळाला चढवते. तुमच्या पोरांचं रक्त पुढं दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"म्हंजे आमच्या पैलवानांचं रक्त दुसऱ्याला, आणि दुसऱ्या कुणाचंतरी आमच्या पोराला?"

"हो."

"कुणाचं हाय ते?"

"ते आम्हालाही माहीत नसतं."

"दारुड्याचं असलं तर? रोगटाचं असलं तर? एखाद्या मरतुकड्याचं असलं तर?" तात्यांचा आवाज चढला. "म्याडम, हे इंगवल्यांचं पोरगं हाय. उद्या ह्यानं मातीत उतरून शड्डू ठोकायचाय. अंगात काय पडतंय ते बघायला नको? आन् एक सांगा. रोज सुई टोचून रक्त कुणी काढलं त्याचं? तुम्हीच! आन् आता म्हणताय, रक्त न्हाई."

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. "खरं आहे तुमचं. तपासण्यांना रक्त लागतं, आणि ह्याच्या अंगात मुळात होतंच किती? पेलाभरसुद्धा नाही. शिवाय इतक्या लवकर आलेल्या बाळाचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवायला अजून शिकलेलंच नसतं. म्हणून तर वरून द्यायचं."

"उद्या द्या. आमच्या पोरांचं द्या. एका दिवसानं काय बिघडतंय?"

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं, कारण माझ्या उभ्या आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदाच इतकं नीट समजावून सांगत होतं. मला नाही, तात्यांना. पण मी ऐकत होते. रक्त कमी, म्हणून अंगभर प्राणवायू पोचत नाही. पोचत नाही, म्हणून मशीनचा जोर वाढवायचा. पण बाळाची फुप्फुसं अजून कच्ची. मशीनचा जोर आणि तो जास्तीचा प्राणवायू त्यांनाच सोसत नाही. ती सुजतात, कडक होतात. मग श्वास आणखी कमी पडतो, की मशीनचा जोर आणखी वाढवायचा. "हे असं गोल गोल चाललंय," त्यांनी बोटानं हवेत चक्र काढलं. "आज सकाळपासून तो मधेच श्वास घ्यायचाच विसरतोय. सिस्टर पायावर टिचकी मारतात, तेव्हा घेतो. मला हे चक्र आज तोडायचंय. वडिलांनी हो म्हणावं."

बाबांनी तात्यांकडे बघितलं.

"उद्या," तात्या म्हणाले.

बाबांनी जमिनीकडे बघितलं.

"मी आत आहे. पण फार वेळ नाही," एवढं म्हणून डॉक्टर गेल्या.

मला इतका राग आला होता! बाबांचा, तात्यांचा, त्या पैलवानांच्या दंडांचा. एवढाले दंड आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना. पण सगळ्यांत जास्त राग माझा मला आला, कारण मी तिथं दुधाची वाटी धरून उभी होते, बस्स. मी खिडकीतून सिस्टरना वाटी दिली. सिस्टरनी ती घेतली आणि म्हणाल्या, "हे आत्ता नाही देता यायचं गं. श्वासच धड नाही त्याचा. ठेवते फ्रीजमध्ये."

म्हणजे मी ज्या एका कामाची होते, तेही बंद झालं.

रिकाम्या हातांनी मी वर गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या उजव्या हाताच्या वळणावर अजून काळंनिळं होतं. बाळंतपणानंतर तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, त्याची खूण. तेव्हा याच डॉक्टर तिच्याशी बोलायला वर आल्या होत्या आणि मी तिथंच बसले होते.

"अंगात रक्तच नव्हतं हो तुमच्या," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "बाळ लवकर येण्याचं एकच कारण सांगता येत नाही, पण हेही एक असू शकतं. पालेभाजी, कडधान्यं, कलेजी, खात होता ना?"

"करत होते की," आई म्हणाली होती.

"करत होता ते कळलं. खात होता का, ते विचारतेय."

आई नुसतीच हसली होती. मलाही तेव्हा त्या प्रश्नात विशेष काही वाटलं नव्हतं. आमच्या घरी दर रविवारी मटण असायचं. तात्या, बाबा आणि तालमीची पोरं आधी बसायची. आई कलेजी वेगळी काढून तव्यावर परतायची, कढीपत्ता आणि मिरी घालून, आणि ती सगळीच्या सगळी ताटात जायची तात्यांच्या आणि ज्याची कुस्ती जवळ आली असेल त्या पोराच्या. मग फोडी. मग आम्ही दोघी बसायचो, तेव्हा पातेल्यात तांबडा रस्सा असायचा, चांगला भरपूर. मी त्यात भाकरी कुस्करायचे. मला तर रस्साच आवडतो, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरंच आवडायचा. दुसरं काही आवडून घ्यायची वेळच आली नव्हती.

"चढवलं का गं रक्त त्याला?" आईनं भिंतीकडे बघतच विचारलं.

"नाही."

"का?"

"तात्या म्हणतायत उद्या. पैलवानांचंच द्यायचं म्हणतायत. परक्याचं नको."

आई वळली. मला वाटलं, आता ही उठेल, टाके फाटले तरी उठेल आणि खाली जाईल. तिनं हाताची कोपरंही टेकवली. मग पुन्हा आडवी झाली. "मोठी माणसं आहेत. विचार करूनच बोलत असतील," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. मग म्हणाली, "पनू, मला चढवलं तेव्हा दंडापर्यंत गार गार वाटत होतं बघ. त्याला गार लागायचं नाही ना? सिस्टरना सांग, जरा कोमट करून घाला म्हणावं."

मी "बरं" म्हणाले आणि जिना उतरायला लागले. डोक्यात तेवढंच होतं, की सिस्टरना सांगायचं, कोमट करून घाला. मधल्या वळणावर आले आणि पाय थांबले. मला चढवलं तेव्हा. आईला दोन बाटल्या चढवल्या होत्या. दोन! टोपणभर नाही. त्या कुणाच्या होत्या?

मग मी उरलेला जिना धावतच उतरले.

खाली पैलवान बाकड्यांवर बसले होते, आणि ज्यांना बाकडं पुरलं नव्हतं ते जमिनीवर. तात्या मधोमध उभे होते. बाबा कोपऱ्यात. डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या होत्या आणि बाबांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या.

"तात्या," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला, की मलाच दचकायला झालं. "आईला दोन बाटल्या चढवल्या, त्या कुणाच्या होत्या?"

"आं?"

"आईला. त्या दिवशी. कुणाचं रक्त होतं ते? दारुड्याचं होतं का? मरतुकड्याचं होतं?"

"पनू, गप बस," बाबा म्हणाले.

"नाही बाबा, सांगा ना. तुम्ही विचारलंत का डॉक्टरांना, कुणाचं आहे म्हणून? तात्या, तुम्ही विचारलंत? तेव्हा का नाही टेम्पो भरून आणलात?"

"उलटून बोलतीस?" तात्यांचा हात वर गेला. तो हात मी आखाड्यात बघितला होता. पण तो वरच राहिला, कारण अल्ताफ उठून उभा राहिला होता. तो काही करायला उठला नव्हता. त्याला नुसतं बसवेना झालं असावं. त्याच्याकडे बघून दुसरा उठला, मग तिसरा. सगळ्यांच्या माना खाली.

"वहिनीसायबास्नी रक्त चढवलं, हे तर आमाला म्हाईतच न्हवतं, वस्ताद," अल्ताफ म्हणाला. "रोज जेवतोय त्यांच्या हातचं."

काचेच्या आत एक मशीन टिंग टिंग वाजायला लागलं आणि सिस्टर धावल्या. बाळाच्या पायावर टिचकी मारताना दिसल्या. एकदा. दोनदा. टिंग टिंग थांबलं.

बाबा कोपऱ्यातून पुढं आले. तात्यांच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता, डॉक्टरांपर्यंत गेले. "द्या म्याडम," ते म्हणाले. "आत्ताच द्या. कुणाचंही द्या."

"आणि कोमट करून द्या," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तसंच देतो," त्या म्हणाल्या.

एका छोट्याशा सिरिंजमध्ये ते रक्त होतं. सिरिंज एका यंत्रात आडवी ठेवली होती आणि ते यंत्र तिला दिसेल न दिसेल असं ढकलत होतं. मी काचेला नाक लावून उभी राहिले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. मला वाटलं होतं, तो एकदम लालबुंद होईल आणि रडेल. तो झोपलाच होता. पण दुसऱ्या दिवशी तो श्वास घ्यायला कमी वेळा विसरला. त्यानंतर मशीनचा जोर थोडा थोडा उतरला, मधे एकदा पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

पैलवानांनीही त्या दिवशी रक्त दिलं. तात्यांनी सगळ्यांत आधी. अल्ताफ सुई बघून आडवा झाला. त्याला उचलायला चारजण लागले आणि सरबत दोन ग्लास.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. परतीच्या टेम्पोत तात्या फक्त एवढंच म्हणाले, "पोरीची जीभ लई लांब झालीया."

बाळ घरी आलं ते सिलिंडर घेऊनच. नाकाला नळी, नळीला सिलिंडर. फुप्फुसांचं दुखणं बराच काळ सोबत राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तात्यांनी नाव ठेवलं राजवर्धन. बाळाच्या वजनापेक्षा नावच जड होतं, म्हणून आम्ही राजू म्हणायला लागलो. आता राजू पाच वर्षांचा झालाय. सिलिंडर केव्हाच सुटलं, पण थंडी पडली की त्याच्या छातीत शिट्टी वाजते आणि तोंडाला पंप लावावा लागतो. लाल मातीची धूळ त्याला सोसत नाही. तो आखाड्याच्या कडेला, खिडकीबाहेर स्टुलावर बसतो आणि आतल्यांना ओरडून डाव सांगतो. सगळे चुकीचे.

आणि तात्या दरवर्षी राजूच्या वाढदिवसाला तालमीत रक्तदान शिबिर घेतात. तालमीच्या दारावर कापडी फलक, आत खाटा, आणि दुपारी रक्त देणाऱ्या सगळ्यांना आमच्या घरी मटणाचं जेवण. मी दरवर्षी विचारायचे, मी देऊ का? दरवर्षी उत्तर यायचं, अठरा पूर्ण होऊ देत.

ह्या मार्चमध्ये मला अठरा पूर्ण झाली. बारावीची परीक्षाही झाली. आता मी बाई, आधीची पनू राहिलेले नाही. वर्गात वाद घालायला उभी राहिले की सर घड्याळ बघतात. शिबिराच्या दिवशी मी केस घट्ट बांधले, बाही वर केली आणि सगळ्या पोरांच्या आधी रांगेत जाऊन उभी राहिले. तालमीच्या शिबिरात रक्त द्यायला आलेली पहिली मुलगी मीच.

"आली, वाघीण आली," तात्या खुर्चीवरून म्हणाले. अल्ताफनं टाळ्या वाजवल्या. त्याची स्वतःची रांगेत उभं राहायची तयारी नव्हती.

रक्तपेढीच्या ताईंनी बोटाला टोचलं आणि माझ्या रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. "थेंब बुडाला की रक्त चांगलं," त्या म्हणाल्या. "तरंगला की कमी."

माझा थेंब थोडा खाली गेला. थबकला. आणि वर आला.

"परत बघा," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचलं. दुसरा थेंब तर खाली जायच्या भानगडीतही पडला नाही.

"रक्त कमी आहे गं तुझं. बरंच कमी. दमायला होतं का? जिना चढताना धाप लागते?"

लागत होती. मला वाटायचं, अभ्यासानं.

"तुला द्यायला नको, घ्यायला हवं," त्या हसत म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

इतकी वर्षं थांबले होते मी! त्या टोपणभर रक्ताची परतफेड म्हणा, नाहीतर नुसती जिद्द म्हणा. रांगेतली पोरं माझ्याकडे बघत होती, आणि मला ती बाटली उचलून भिंतीवर फोडावीशी वाटत होती.

"जाऊ दे पोरी," तात्या म्हणाले, अगदी मायेनं. "पोरींच्या अंगात कुठलं एवढं रक्त? जा, जेवणाचं काय झालं बघ. आईला मदत कर."

मी घरी गेले. रस्त्यात मला एकच वाक्य ऐकू येत होतं. करत होते की.

आई चुलीपुढं होती. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता आणि तव्यावर कलेजी, मिरी आणि कढीपत्त्याच्या वासाची. बाहेर ओसरीवर पंगतीच्या चटया पडायला लागल्या होत्या. राजू दारात बसून पंपाच्या डब्यानं खेळत होता.

"दिलंस?" आईनं विचारलं.

"घेतलं नाही त्यांनी. अंगात नाहीच म्हणाले."

आईचा उलथनं धरलेला हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला एक शब्दही जास्त सांगावा लागला नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा तव्याकडे वळली, पण उलथनं काही हलेना.

मी दोन ताटं घेतली. चुलीपुढंच मांडली. तवा उचलला आणि अर्धी कलेजी एका ताटात, अर्धी दुसऱ्या ताटात ओतली. वर भाकरी ठेवली.

"अगं, काय करतीस! पोरं बसतील आत्ता—"

"आई, बस."

"पनू, असं नसतं गं. रक्त देऊन आल्यात ती."

"तूही दिलंयस. बस."

ती बसली. अवघडून, अर्धी उठल्यासारखी. तेवढ्यात ओसरीवरून तात्यांचा आवाज आला, "उज्वला, कलेजी येऊ दे पयली!" आणि आईचं अंग आपोआप उठायला लागलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तात्या बोलावूनही काही येत नाही म्हटल्यावर दारात आले. आधी त्यांना रिकामा तवा दिसला. मग दोन ताटं.

"कलेजी?"

"आज आईला चढवलीय, तात्या," मी म्हणाले. "थोडी मला."

ते दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांच्या तोंडावर पाच वर्षांपूर्वीचं काहीतरी आलं आणि गेलं. मग ते वाकले, रस्स्याच्या पातेल्याचे कान धोतराच्या सोग्यात धरले आणि ते जड पातेलं स्वतः उचलून ओसरीवर घेऊन गेले. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, "आज रस्सा हाय. गप जेवा."

आईनं एक फोड उचलली. सवयीनं तिचा हात दाराकडे, राजूकडे निघाला. मी तो वाटेतच धरला आणि हळूच वळवला, तिच्याच तोंडाकडे.

तिनं खाल्ली. सावकाश, डोळे बारीक करून, काहीतरी ऐकल्यासारखं चावत राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"अगं," ती म्हणाली, "मीठ जास्त पडतंय की माझ्या हातनं."

लग्न झाल्यापासून दर रविवारी तीच कलेजी करत होती.